सगळे म्हणतात सोडून दे, पण सोडायचं म्हणजे नक्की करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न बराच मोठा होता, त्यामुळे बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. वडील गेल्यावर दोघा भावांनी सांगितलं म्हणून तुम्ही जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली, तेव्हा सगळे म्हणाले माहेर काय, ते कायम तुझंच आहे. पुढे त्यातली काही जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, गाडी आली, घरावर मजला चढला, आणि तुम्हाला हे कळलं ते चुलत बहिणीच्या स्टेटसवरून. आता रात्री दोन-अडीचला जाग येते आणि डोक्यात भावांशी भांडण सुरू होतं ते पहाटेपर्यंत. नवरा म्हणतो आपल्याला काय कमी आहे, आई म्हणते सोडून दे गं, ध्यानाचं अ‍ॅप लावून झालं, आता इगतपुरीला विपश्यनेच्या कोर्सला दहा दिवस जाऊन यावं का असं मनात आहे. आणि शेवटी विचारलंय की सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय असतं.

मी समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करतेय आणि हक्कसोडीनंतरचं हे दुखणं घेऊन येणाऱ्या बायका कायम असतात, फक्त सुरुवातीला कुणी तसं सांगत नाही, झोप येत नाही म्हणून येतात, अ‍ॅसिडिटी म्हणून येतात, मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कुठेतरी भाऊ निघतो. त्यामुळे तुम्ही एकट्या नाही आणि तुम्ही लोभी पण नाही, हे आधीच सांगून टाकते कारण हा शब्द तुम्हाला कुणीतरी ऐकवलेला असणार.

आता 'विचारच करू नकोस' हा सल्ला. हा कामाचा नाही आणि त्याचं कारण आहे. डॅनिअल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला की घंटी वाजवायची. लोक घंट्या वाजवत बसले, सरासरी मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा. आणि नंतर जेव्हा सांगितलं आता खुशाल विचार करा, तेव्हा ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्या डोक्यात ते अस्वल बाकीच्यांपेक्षा जास्त आलं. म्हणजे दाबलं की उसळतं. तुम्ही दिवसभर भावाचा विषय दाबता, हसून वागता, आणि रात्री दोनला तोच पहारा संपतो, मग काय होणार. यात तुमचं मन कमकुवत आहे असं काही नाही, मन असंच चालतं.

पण दळत बसणं हाही उपाय नाही. विचार करणं आणि दळणं यात फरक आहे आणि तो ओळखायला एक सोपी खूण आहे, विचाराच्या शेवटी काहीतरी हाती लागतं, म्हणजे उद्या हा फोन करायचा, हा कागद काढायचा असं. दळणाच्या शेवटी पुन्हा तोच प्रश्न असतो, 'असं का केलं त्यांनी?' रिकामं जातं फिरतंय, पीठ काही पडत नाही, दात मात्र झिजतायत. ब्रिटनमधले एडवर्ड वॉटकिन्स यांनी यावर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की 'का' वाले मोघम प्रश्न माणसाला आणखी खाली नेतात आणि 'नेमकं काय झालं, आता पुढे कसं' असे ठोस प्रश्न बाहेर काढतात. म्हणून रात्री जाग आली आणि 'का' सुरू झालं की निदान ओळखा की हां, जातं सुरू झालं. बंद नाही होणार लगेच, पण त्याला विचार समजून त्याच्या मागे तासभर जाणं तरी कमी होईल.

आता माझं मुख्य म्हणणं, आणि हे ऐकून तुम्हाला वाटेल की ही समुपदेशक आहे की वकील. तुमच्या डोक्यातला विषय जात नाही कारण तो अजून संपलेलाच नाहीये. तुम्ही लढायचं ठरवलेलं नाही, मागायचं ठरवलेलं नाही आणि सोडायचं पण ठरवलेलं नाही, तिन्ही गोष्टी रोज रात्री थोड्या थोड्या करता. आणि मन अर्धवट गोष्टीला चिकटून राहतं. मासिकॅम्पो आणि बाऊमायस्टर या दोघांनी २०११ मध्ये दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात लुडबुड करतं, पण ते काम पूर्णच व्हायला पाहिजे असं नाही, कधी कुठे कसं करणार याचा पक्का प्लॅन केला तरी ती लुडबुड कमी होते. मला रोजच्या कामात हे फार खरं वाटतं. मी बघितलंय की शांतपणे कोर्टात जाणारी बाई ही दात-ओठ खाऊन 'सोडून दिलंय मी' म्हणणाऱ्या बाईपेक्षा हलकी असते.

म्हणून पहिलं काम ध्यान नाही. पहिलं काम, तुम्ही सही नक्की कशावर केली ते बघा. हसू नका, बऱ्याच जणींना हे माहितीच नसतं. कुणी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन रीतसर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं, कुणी नुसत्या अर्जावर सही केलेली असते आणि तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावरून नाव गेलेलं असतं, आणि या दोन्हींचं कायद्याने वजन सारखं नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, निव्वळ त्या नोंदीने कुणाचा मालकी हक्क येत नाही की जात नाही. उलट नोंदणीकृत हक्कसोड असेल तर ते मोडणं अवघड, फसवणूक किंवा दबाव होता हे सिद्ध करावं लागतं आणि त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती कधीपासून मोजायची ते वकील सांगेल. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर आला, आपल्याकडे महाराष्ट्रात तर लग्न न झालेल्या मुलींसाठी १९९४ लाच आला होता, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. म्हणजे तुम्ही मागितलं असतं ते भीक म्हणून नाही, हिस्सा म्हणून. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये काय होईल ते मी सांगणार नाही. पण एकदा वकिलाकडे जा. पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, जिल्हा कोर्टाच्या आवारातच बहुतेक, तिथे बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या कायद्यातच आहे पण बायकांना कुणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल मला कोर्टात जायचंच नाहीये. नका जाऊ. पण जाता येतं की नाही हे माहिती करून घेऊन मग न जाणं वेगळं, आणि माहितीच न काढता 'आपल्याच्यानं काय होणार' म्हणून गप्प बसणं वेगळं. पहिल्यात तुम्ही काहीतरी देताय, दुसऱ्यात तुमच्याकडून काहीतरी गेलंय.

इथे तुकोबांची गोष्ट काढतात लोक, तुम्हाला पण कुणीतरी ऐकवली असेल. दुष्काळ पडला, घरची वाताहत झाली, आणि तुकोबांनी सावकारीची खतं, म्हणजे लोकांनी लिहून दिलेले कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवले. बघ, त्यांनी सोडलं, तू एवढंसं सोडू शकत नाहीस का, असं. पण गोष्ट पूर्ण सांगत नाहीत. कान्होबा, त्यांचा धाकटा भाऊ, त्याची तयारी नव्हती, त्याला पोटाची काळजी होती. तर तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, भावाचे अर्धे भावाला दिले आणि फक्त स्वतःच्या वाट्याचे नदीत टाकले. मला यातली ही वाटणीच महत्त्वाची वाटते. येणं हातात होतं, वसूल करायचा हक्क होता, आणि मग स्वतः ठरवून सोडलं, दुसऱ्याच्या वाट्याला हात न लावता. तुमच्या बाबतीत तुमचा कागद दुसऱ्यांनी नदीत टाकला आणि आता तुम्हाला म्हणतायत प्रसन्न रहा.

तर वकिलाचं ऐकून झालं की स्वतःला एक तारीख द्या, महिना-दोन महिन्यांनी, आणि तोपर्यंत ठरवा. तीनच वाटा आहेत. एक लढायचं. दोन, कोर्ट न करता बसून मागायचं, पैसे असोत, आईच्या नावाने काही असो, किंवा नुसतं 'आम्ही तुला विचारायला पाहिजे होतं' एवढं वाक्य असो, आणि हे मागताना एखादा मामा किंवा काका मध्ये घ्यायचा ज्याचं दोन्हीकडे ऐकतात. तीन, नाही मागायचं, आणि ते का नाही मागायचं याचं तुमचं स्वतःचं कारण कागदावर लिहून ठेवायचं, कारण सहा महिन्यांनी मन पुन्हा विचारणार आहे, तेव्हा दाखवायला हातात काहीतरी पाहिजे. तिन्हीपैकी कुठलंही निवडलं तरी माझी ना नाही. मला फक्त तिन्हीत एकदम राहणं नको वाटतं.

आता दुसरा भाग, हा जास्त अवघड आहे. जमिनीचा निकाल काहीही लागला तरी एक गोष्ट उरणार. तुमच्या लिहिण्यात गुंठे, रक्कम हे एकदाच आलंय पण 'स्टेटसवरून कळलं' हे तीनदा आलंय. म्हणजे दुखतंय ते तिथे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ज्या घरात तुम्ही अजून स्वतःला धरत होता त्या घराने तुम्हाला पाहुण्यात टाकलं. हे दुःख आहे, राग नाही, रागाच्या खाली दबलेलं दुःख, आणि त्याला कोर्टात उपाय नाही की अ‍ॅपमध्ये नाही. माणूस गेलं तर आपल्याकडे दहावं-तेरावं असतं, लोक येऊन बसतात, पिठलं-भात घेऊन येतात. माहेर गेलं तर कुणी येत नाही भेटायला, उलट म्हणतात काहीही काय बोलतेस. त्यामुळे बायका ते दुःख करतच नाहीत, नुसत्या चिडत राहतात वर्षानुवर्षं.

यासाठी मी लिहायला सांगते. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं होतं, चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल, काय झालं आणि काय वाटलं दोन्ही लिहायचं. ज्यांनी दोन्ही लिहिलं त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. जादू नाहीये, परिणाम फार मोठा नसतो आणि सगळ्यांना होत नाही, पण फुकट आहे. नियम एवढेच, वहीत लिहायचं फोनवर नाही, कारण फोनवर लिहिलेलं कधीतरी फॅमिली ग्रुपवर जातंच, मग नवीन महाभारत. ज्या बोलीत तुम्ही भांडता त्याच बोलीत लिहा, पुस्तकी नको, शिव्या आल्या तर येऊ द्या. कुणाला दाखवायचं नाही. लिहिल्यावर त्या दिवशी जास्त वाईट वाटतं, रडू येतं, हे होणारच म्हणून झोपायच्या आधी नको, संध्याकाळी करा आणि नंतर पोळ्या करायला घ्या किंवा चालायला जा. फारच अंगावर आलं तर बंद करा, रेटू नका.

रात्रीचं वेगळं बघायला लागेल. एक पद्धत आहे, १९८३ साली बोर्कोव्हेक आणि मंडळींनी मांडलेली, काळजीसाठी रोज एक ठराविक अर्धा तास ठेवायचा, ठराविक जागी, आणि दिवसात इतर वेळी विषय आला की त्याला म्हणायचं साडेपाचला ये. ऐकायला बालिश वाटतं, मला पण वाटायचं, पण दाबून टाकणं आणि पुढे ढकलणं यात मनाला फरक कळतो. जागा बेडरूम नको, आणि देवघरासमोर पण नको. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिवा, काहीतरी कंटाळवाणं काम, वाटाणे सोला, कपड्यांच्या घड्या घाला, पेंग आली की परत जा. फोन हातात घेऊ नका, कारण दोन वाजता भावजयीचा प्रोफाइल फोटो बघून आजवर कुणाला झोप लागलेली नाही. चहा चारनंतर बंद. आणि एक, तुम्ही पंचेचाळीसच्या पुढच्या आहात, पाळी अनियमित झालीय असं लिहिलंय, तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह एकदा तपासून घ्या, त्या वयात झोप त्यानेही मोडते आणि आपण सगळं भावावर ढकलतो.

इगतपुरीबद्दल विचारलंत. धम्मगिरीचा दहा दिवसांचा कोर्स चांगला आहे, अनेकांना उपयोग झालेला मी बघितलाय, पण त्यात दहा दिवस मौन, फोन नाही, वाचन नाही, लिहिणं पण नाही. ज्याची महिनोनमहिने झोप मोडलेली आहे आणि डोक्यात एकच भांडण आहे त्याला तिथे ते भांडण लाऊडस्पीकरवर ऐकू येऊ शकतं. आत्ता नको असं माझं मत. झोप सुधारली, निर्णय झाला, मग जा, आणि फॉर्ममध्ये तब्येतीचं विचारतात ते खरं लिहा.

माफीचं. सगळे सांगतात माफ कर म्हणजे तुलाच शांत वाटेल. एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे अभ्यासक आहेत, ते दोन गोष्टी वेगळ्या करतात, एक म्हणजे मी बदला घेणार नाही नीट वागेन असं ठरवणं, आणि दुसरी आतून कडवटपणा जाणं. पहिली ठरवून एका दिवसात होऊ शकते, दुसरीला वेळ लागतो. आणि परत पूर्वीसारखं जाणं-येणं सुरू करणं ही तिसरीच गोष्ट, ती माफ करूनही टाळता येते. मी कुणालाच माफी हे औषध म्हणून लिहून देत नाही. आली तर येते.

पण सणांचं आधी ठरवून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण राखी आणि भाऊबीज या दोन दिवसांच्या आधी आठवडाभर माझ्याकडे फोन वाढतात. जायचं की नाही हे दारात उभं राहून ठरवू नका. जायचं असेल तर तासभर जा, राहू नका, जमिनीचा विषय त्या दिवशी दोघांनीही काढायचा नाही असं आधीच फोनवर सांगा. पोस्टाने राखी पाठवणं पण चालतं. यावर्षी नाही जमणार म्हणणं पण चालतं. आणि आईला यातून बाहेर काढा. ती त्यांच्या घरात राहते, तिला तुमची बाजू घेणं परवडत नाही, तिचं 'सोडून दे' हे बऱ्याचदा 'मला यात ओढू नकोस' असं असतं. तिच्या स्वतःच्या फोनवर फोन करा, गुडघे, डोळ्याचं ऑपरेशन, मालिका, याच्यावर बोला. आई आहे तोवर तेवढं माहेर शिल्लक आहे, ते या भांडणात घालवू नका.

बहिणीशी रोज तासभर फोनवर हेच बोलता असं लिहिलंय. याने दोघी जवळ येता हे खरं, पण तेच तेच एकत्र उगाळलं की त्रास पण वाढतो, अमांडा रोझ यांनी शाळेतल्या मुलींमध्ये हे अभ्यासून दाखवलंय आणि मला तर पन्नाशीच्या मुलींमध्ये पण दिसतं. बंद नका करू. दहा मिनिटं जमीन, मग दुसरं काहीही.

आणि तुम्ही भजनी मंडळात जाणं सोडलंय कारण तिथे बायका माहेरच्या गप्पा मारतात. हे मला सगळ्यात खटकलं. आधी मन मोकळं होऊ दे, मग जाईन, असं तुम्ही म्हणताय, आणि हे उलटं आहे. उत्साह आधी येऊन मग माणूस बाहेर पडत नाही, बाहेर पडल्यावर हळूहळू येतो, डिप्रेशनच्या उपचारात ही पद्धत मुद्दाम वापरतात, आधी कृती, मूड मागून येईल. पहिल्या दोन-तीन वेळेला काही मजा येणार नाही, टाळ वाजवताना पण डोक्यात सातबाराच असेल, तरी जा. माहेरच्या गप्पा निघाल्या तर तुम्ही पण सांगा ना, लहानपणच्या सांगा, त्या कुठे कुणी लिहून घेतल्यात. आणि खरं सांगू का, त्या गोल बसलेल्या बायकांमध्ये निम्म्या जणींनी कुठे ना कुठे सही केलेली असेल, एकीने तोंड उघडायची वाट बघत असतात.

एक सांगायचं राहायला नको. दोन आठवड्यांच्या वर रोजच मन उदास, जेवण जात नाही, कशातच रस नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा, जिल्हा रुग्णालयात पण मानसोपचार विभाग असतो, गोळ्या सुरू झाल्या म्हणजे वेड लागलं असं काही नसतं. आणि जगून काय करायचंय असा विचार एकदा जरी आला तर थांबू नका, टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सरकारनेच चालवलेला आहे.

बाकी सगळं नंतर, या आठवड्यात दोनच गोष्टी करा, सातबारा आणि फेरफाराचा उतारा काढा, आणि नोंदणी झालेली असेल तर सब-रजिस्ट्रारकडून दस्ताची नक्कल मागा. वकिलाकडे जाताना नवऱ्याला न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण ज्याने आधीच 'आपल्याला काय कमी आहे' म्हणून निकाल लावलाय तो तिथेही तेच बोलणार, त्यामुळे मी तर म्हणेन बहिणीला न्या, तिचीही सही त्याच कागदावर असेल.